हरलेल्या राक्षसाला गूळ

भाड्याची खोली बघायला आलेला माणूस काय विचारतो? पाणी कधी येतं, संडास कुठं आहे, भाडं किती. हा माणूस आमच्या मोखाड्याच्या घरी आला, दारात थांबला आणि हातातली लांब काळी छत्री त्यानं चौकटीला लावून उभी धरली. वर बघितलं, खाली बघितलं आणि मला म्हणाला, "दार एवढं बुटकं का केलंत?"

मी म्हणालो, "पावसाळ्यात वारा आत घुसतो. आणि येणाऱ्यानं वाकून यावं."

"वाकून का?"

"घर माझं हाय म्हणून."

एवढ्यावर तो असा खूश झाला, की खोली आतून न बघताच "ठरलं" म्हणाला. मला वाटलं डोक्यानं जरा सैल आहे. तसा तो होताच. पण त्या दिवशी त्याला माझं उत्तर आवडलं होतं हे मला मागाहून कळलं. त्याच्या खेळातल्या राजाच्या दरबाराला त्यानं माझंच दार बसवलं. ताठ मानेनं आत शिरायला गेलं की डोकं आपटतं आणि खेळणाऱ्याचा जीव थोडा कमी होतो. वाकून गेलं की राजा बसायला घोंगडी देतो.

खेळ म्हणजे कॉम्प्युटरवरचा खेळ. गेम. जव्हारला एसटी स्टँडजवळ नवीन कॉम्प्युटर क्लास निघाला होता, तिथं तो पोरांना शिकवायला आला होता. म्हणून आम्ही त्याला मास्तर म्हणायचो. पण शिकवणं त्याचं पोटापुरतं. खरं काम घरी आल्यावर. एका डोंगरी राज्याचा खेळ तो एकट्यानं बनवत होता. त्यात राजे, चेटूक, उडणारे बगळे, बोलणारी झाडं असं सगळं खोटं होतं आणि बाकी सगळं आमचं होतं.

सामान त्यानं एसटीनं आणलं. कपड्यांची एक पिशवी, आणि कॉम्प्युटरचा टीव्ही गोधडीत गुंडाळून मांडीवर. कंडक्टरनं विचारलं म्हणे, "देव हाय का आत?" मास्तर म्हणाला, "अजून झाला नाही."

"जव्हारलाच का नाय राहिलात?" असं मी त्याला पहिल्या दिवशी विचारलं होतं. तो म्हणाला, "तिथला राजवाडा बघून झाला. राजे कसे राहायचे ते कळलं. आता राजाला भाकरी कुठून यायची ते बघायचंय."

त्याची सवयच ती. कुठल्याही मोठ्या गोष्टीच्या मागच्या दारानं शिरायचं. किल्ला दाखवला तर विचारणार, शिपाई आंघोळ कुठं करायचे? लढाई सांगितली तर विचारणार, घोड्यांची लीद कोण उचलायचं? "पुस्तकात तलवारी सापडतात मुकादम, लीद सापडत नाही," असं म्हणायचा. "लीद कुठं पडली ते मला सांगा, मी तुम्हाला फौज कुठं होती ते सांगतो."

मला तो मुकादम म्हणायचा. रस्त्याच्या गँगवर मी मुकादम होतो, रिटायर झाल्यावर गावात कुणी तसं म्हणेना. याच्या तोंडून ऐकायला बरं वाटायचं. एकदा त्यानं मला पडद्यावर त्याच्या राज्याचा रस्ता दाखवला. डोंगराच्या अंगानं रस्ता वर चढत होता, मध्येच एक वळण आलं आणि मी ओरडलो, "ए, हे तर आपलं वळण!" आमच्या गँगनं केलेलं. तेच डोंगराचं नाक, तोच खालचा ओहोळ. मग मी नीट बघितलं आणि मला राग आला.

"कठडा कुठं हाय?"

"हे जुनं राज्य आहे मुकादम. त्या काळी कठडे नव्हते."

"काळ कुठला का असंना, वळण माझं हाय. माणूस पडला तर शिव्या मला बसतात."

दुसऱ्या दिवशी कठडा बसला. दगडाचा, आणि दगडही बरोबर काळा. मी कठडा बघून मान हलवली, तेव्हा त्याला इनाम मिळाल्यासारखं झालं.

शिरपामाळावर मी त्याला नेलं ती गोष्ट सांगतो, कारण त्यात मी चुकलो आणि ते मला आजही पटलेलं नाही. सुरतेच्या वाटेवर ऐन थंडीत महाराजांचा मुक्काम शिरपामाळावर पडला, असं आमच्याकडे सगळेच सांगतात. बाहेरची माणसं येतात, हात जोडतात, फोटो काढतात, परत जातात. हा दिवसभर तिथं उन्हात बसला. छत्री होती, पण ती उघडायची नाही. छत्री मोजायला. माळ किती छत्र्या, उतार किती छत्र्या. मग विचारलं, "घोड्यांना पाणी कुठं पाजलं असेल?"

मी ठाम सांगितलं, "त्या खालच्या ओढ्यात."

मास्तर लिहून घेणार तेवढ्यात मागून एक बाई हसली. डोक्यावर गवताचा भारा, हातात विळा. म्हणाली, "दादा, थंडीच्या टायमाला त्या ओढ्यात मांजरालापण जीभ ओली करायला पाणी नसतं."

मी म्हणालो, "तवा असंल."

ती म्हणाली, "तवा काय डोंगर येगळा होता?"

मी तोंड फिरवून बसलो. मास्तर मात्र उठून नाचायला लागला. त्याला ओढा सापडल्यापेक्षा ओढा आटल्याचा आनंद जास्त. येताना जीपमध्ये सारखा बडबडत होता. "म्हणजे एवढ्या फौजेला पाणी मागावं लागलं असेल मुकादम! कुणाच्या तरी पाड्यावर जाऊन, कुणाच्या तरी आयाबहिणींकडं. ते कुठं लिहिलेलं नाही. मी माझ्या खेळात लिहितो." आणि लिहिलंच. त्याच्या खेळात ओढा पावसाळ्यात वाहतो, थंडीत आटतो. फौज घेऊन आलेला राजपुत्र घोड्यावरून उतरून पाड्यावर पाणी मागायला गेला नाही तर फौज तिथंच बसते, कितीही बटणं दाबा. आणि पाणी देणाऱ्या बाईच्या डोक्यावर गवताचा भारा आहे. दुसऱ्याला पाणी देतेय, पण भारा खाली ठेवत नाही, आणि हसते. तशीच हसते.

आता तो नाशकात असतो. अजून फोन करतो. तब्येत विचारायच्या आधी विचारतो, "मुकादम, ओढा आटला का?"

आमच्या घरात त्याचं खरं गूळपीठ माझ्या बायकोशी. त्याच्या खेळात जखमी झालेल्या माणसाला औषध नव्हतं, भाकरी होती. नागलीची खाल्ली की जीव जास्त भरतो, तांदळाची खाल्ली की कमी. हे बायकोनं ठरवलेलं. तो म्हणाला, "मावशी, दोन्हीला सारखाच भरू दे की." ती म्हणाली, "तांदळाची खाऊन नांगर धरून बघा, मग बोला." विषय संपला.

राक्षसाच्या गुरगुरण्याचा आवाज त्याला मनासारखा मिळेना. टेपरेकॉर्डर घेऊन तो घाटात जाऊन बसायचा. पहिल्या गिअरमध्ये चढणारी एसटी त्यानं पकडली. त्यातही काहीतरी कमी पडत होतं. एक दिवस बायको नागली दळत होती आणि हा धावत बाहेर आला, "मावशी, थांबू नका, थांबू नका!" जात्याच्या तोंडाजवळ टेप धरून आडवा झाला. पिठानं सगळा पांढरा. एसटी आणि जातं एकत्र करून त्यानं असा आवाज काढला, की आमचा कुत्रा खाटेखाली गेला. तेव्हापासून बायको गल्लीत सांगायची, "राक्षसाच्या पोटात माझं जातं हाय."

आता राक्षसाचं सांगतो. मुख्य ते आहे.

आमच्या मोखाड्याला बोहाडा होतो. मुखवटे चढवून देव आणि राक्षस संबळाच्या तालावर गल्लीतून नाचत येतात. दोन पावलं पुढं, एक मागं. एकेका सोंगाला एकेक घर ठरलेलं, दुसऱ्यानं त्या मुखवट्याला हात लावायचा नाही. शेवटच्या दिवशी उजाडताना देवी आणि राक्षसाची लढाई होते. देवीचा मान पलीकडच्या घराकडे. राक्षस आमच्याकडे. माझ्या आज्यानं नाचवला, बापानं नाचवला, मग मी. लोकांना वाटतं देवीचा मान मोठा. मी कुणाशी वाद घालत नाही. फक्त एवढंच विचारतो, की राक्षस आला नाही तर देवी काय करणार? घरी जाऊन झोपणार?

मास्तरानं आमचा मुखवटा भिंतीवर बघितला आणि पंधरवडा दुसरं काही बोलला नाही. त्याच्या खेळाचा शेवटचा राक्षस तोच. विचारून, नारळ ठेवून, हात न लावता त्यानं तो चितारला. सुळे बरोबर, डोळे बरोबर. मला पावलं टाकून दाखवायला लावली, ती पण पडद्यावर बरोबर आली. मी खुर्ची ओढून पुढ्यात बसलो. म्हटलं, दाखवा आपला राक्षस.

राजपुत्र आला, तलवार चालली, राक्षस नाचला, गुरगुरला, आणि पडला. पडला तो धूर होऊन गेला. तिथं काहीच उरलं नाही.

"कुठं गेला?" मी विचारलं.

"मेला."

"मेला म्हणजे?"

"संपला. खेळ जिंकला."

मी म्हणालो, "मास्तर, आमचा राक्षस मरत नाय. हरतो."

"तेच ते मुकादम."

तेच ते म्हणाला! माझा आजा, माझा बाप, मी, आमचा एवढ्या पिढ्यांचा घाम, आणि याच्या एका बटणात धूर. मी उठलो, बाहेर गेलो आणि मीटरमधला फ्यूज काढून बंडीच्या खिशात टाकला.

मीटर घराला एकच. त्याच्या खोलीत अंधार झाला तसा माझ्याही घरात झाला. बायको चुलीपुढून ओरडली, "दुसऱ्याला शिक्षा करायला सोताच्या घरात काळोख करणारा माणूस मी दुसरा नाय बघितला!"

मी म्हणालो, "काळोख नाय, मान हाय."

मग आमचं बोलणं बंद झालं. तो त्याच्या खोलीत कंदील लावून कागदावर चित्रं काढायचा, मी माझ्या खोलीत. मध्ये दार. निरोप बायकोनं द्यायचे.

"अगं, मास्तरांना सांग, राक्षस मरणार नसंल तर फ्यूज लागंल."

"मास्तर, ऐकलं का?"

"ऐकलं मावशी. मुकादमांना सांगा, जगातल्या प्रत्येक खेळात शेवटचा राक्षस मरतो. नाहीतर खेळणाऱ्याला जिंकल्यासारखं वाटत नाही."

"अवो, ऐकलं का?"

"बहिरा नाय मी. त्यांना सांग, जगातले राक्षस जगाजवळ. हा मोखाड्याचा हाय."

"मास्तर..."

"ऐकलं, मावशी."

"मग मी कशाला बोलतेय मधी?" म्हणत ती सूप घेऊन अंगणात निघून जायची.

एक मात्र सांगतो, त्यानं भांडून वीज मागितली नाही आणि खोलीही सोडली नाही. वर मुंबईच्या कुठल्याशा कंपनीची माणसं खेळ बघायला येणार होती आणि याचा कॉम्प्युटर बंद. तरी हट्ट सोडेना. मला मनातून तो माणूस आवडायला लागला होता. आपल्या तोडीचा हट्टी माणूस सहसा भेटत नाही.

तेवढ्यात बोहाडा आला. शेवटच्या दिवशी डोंगराआडून लाल होत असताना मी मुखवटा चढवला. फ्यूज बंडीच्या खिशातच होता, तो काही मी घरी ठेवला नाही. देवीचा मानकरी समोर. या माणसाशी माझं शेताच्या बांधावरून सालभर वाजत होतं. मास्तर सगळं जाणून होता, कारण त्याला रोज मी दिलेल्या शिव्या भिंतीतून ऐकू जायच्या. संबळ चढला. आम्ही समोरासमोर नाचलो, पुढं मागं, पुढं मागं. शेवटी देवीची तलवार माझ्या खांद्याला लागली आणि मी गुडघे टेकले. गल्ली ओरडली.

आणि मग आमची रीत. देवीच्या मानकऱ्यानं आपला मुखवटा काढायचा, राक्षसाचा मुखवटा स्वतःच्या हातानं उतरवायचा आणि त्याच्या तोंडात गूळ घालायचा. हरलेला माणूस गूळ खाल्ल्याशिवाय उठत नाही. भांडण असो, कोर्ट असो, त्या घरानं या घराला गूळ घालायचा. त्यानं घातला. पदरानं पुसावी तशी उपरण्यानं माझी मान पुसली आणि हळूच म्हणाला, "गुडघा दुखला का रं?"

मी म्हणालो, "दुखला. पण बांध माझाच हाय."

तो हसला, मी हसलो. मान वर करून बघतो तर पुढंच मास्तर उभा, छत्री छातीशी धरून, आणि तोंड असं उघडं, की त्यातही कुणी गूळ घातला असता.

घरी आलो तेव्हा तो माझ्या आधी पोचून दारात बसला होता. म्हणाला, "मुकादम, माझं चुकलं. मी त्याला मारून टाकत होतो. मारलं की खेळ तिथंच संपतो. हरवलं की पुढच्या साली पुन्हा नाचायला बोलवता येतं."

मी बंडीत हात घातला. खिशातून फ्यूज काढून त्याच्या हातावर ठेवला. बायको म्हणाली, "आता दोघांच्यापण तोंडात गूळ घालू का?"

कंपनीची माणसं जीपनं आली. एक चष्मेवाला साहेब आणि एक बाई. दारात शिरताना साहेबाचं डोकं चौकटीला आपटलं, तेव्हाच मला बरं वाटलं. गल्ली सगळी खोलीत, खिडकीत, अंगणात. देवीचा मानकरी पण आला होता, भिंतीला टेकून उभा. साहेब खेळायला हुशार होता. ओढ्याशी थोडा अडकला, तेव्हा आमच्या बायका त्याला "अरे उतर की घोड्यावरनं, पाणी माग!" म्हणून ओरडल्या. घाटात माझं वळण आलं, कठड्याला धडकला आणि वाचला. मी आजूबाजूला बघितलं, सगळ्यांनी पाहिलं होतं.

मग राक्षस आला. गुरगुरला. बायको शेजारणीला म्हणाली, "जातं." साहेबानं घामाघूम होऊन त्याला हरवलं. राक्षसानं गुडघे टेकले. संबळ वाजतच राहिला. साहेबानं तलवारीचं बटण पुन्हा दाबलं.

पडद्यावर गावातली सगळी दारं धाडकन बंद झाली. दिवे विझले. भाकरी देणारी बाई आत गेली. राक्षस तसाच गुडघ्यावर.

साहेब म्हणाला, "हँग झालं का?"

"नाय, गाव रुसलं," देवीचा मानकरी म्हणाला.

"अरे बाबा, गूळ दे त्याला!" माझी बायको ओरडली. मग सगळी खोलीच ओरडायला लागली, "गूळ दे! गूळ दे!" बरोबर आलेली बाई हसत साहेबाच्या खांद्यावरून वाकली आणि तिनंच झोळीतून गूळ काढायचं बटण दाबलं. राजपुत्रानं पुढं होऊन मुखवटा उतरवला.

आत मी होतो.

माझी मिशी, माझं नाक, गालावरचा मस. गूळ खाल्ला आणि पडद्यातून सगळ्यांकडे बघून हसलो. खोलीत जो गलका झाला, तो बोहाड्यालाही होत नाही. मी मास्तरला म्हणालो, "मिशी डावीकडं थोडी कमी झालीय." देवीचा मानकरी म्हणाला, "मिशीचं सोडा. गूळ घालणारा हात माझा नाय दिसत. माझ्या हातात कडं असतं." मास्तर म्हणाला, "कडं उद्या."

साहेबाला खेळ आवडला. तो म्हणाला, डोंगर ठेवा, नाच ठेवा, आवाज तर झकास आहे, पण शेवटी राक्षस मरू दे, गूळ काढून टाका. पोरांना मारायला आवडतं. एवढं केलं तर कंपनी खेळ घेईल. मास्तरानं माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. राक्षस माझा होता, पण खेळ त्याचा होता, आणि सालभराची मेहनत पण त्याचीच.

मास्तर म्हणाला, "गूळ राहील."

जीप गेली. बायकोनं चहा टाकला आणि न विचारता त्यात गूळ घातला.

खेळ कंपनीनं घेतला नाही. मास्तरानं त्याच्या सीड्या काढून क्लासमधल्या पोरांना वाटल्या. त्या पोरांनी दुसऱ्यांना दिल्या. जव्हारच्या सायबर कॅफेत, मोखाड्यात, पार वांगणीच्या पोरांपर्यंत तो पोचला. वांगणीचं एक पोरगं मला बाजारात बघून आईला म्हणालं, "आई, हा बघ, राक्षस आला." आई कानकोंडी झाली. मी मिशीला पीळ दिला.

पुढच्या साली बोहाडा झाला. उजाडता उजाडता मी हरलो, गुडघे टेकले. देवीच्या मानकऱ्यानं मुखवटा उतरवला, गूळ घातला, मान पुसली. मी उठणार, तर उठता येईना. समोर पोरांची रांग. जव्हारची, मोखाड्याची, पाड्यापाड्यांवरची. प्रत्येकाच्या मुठीत गुळाचा खडा.

देवीचा मानकरी म्हणाला, "अरे, मान एकाच घराचा हाय!" मीपण तेच म्हणणार होतो. रीत म्हणजे रीत. मी बोलायला तोंड उघडलं आणि पहिल्या पोरानं त्यात गूळ घातला. मग दुसऱ्यानं. मग कुणी कुणाला आवरेना. रांगेच्या शेवटी मास्तर उभा होता, छत्री काखेत, हातात गूळ, वाकून माझ्या तोंडाकडे बघत, की अजून जागा आहे का.

दोन्ही गाल भरले. बोलता येईना, नको म्हणता येईना, ओरडता येईना. गर्दीतून बायकोचा आवाज आला, "चला, एवढ्या वर्षांनी एकदाचा गप बसला!"

मी हरलो होतो, म्हणून काही बोललो नाही.